अठ्ठावीस मिलिमीटरचे सैनिक आणि आजोबांचा एक प्रश्न

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बऱ्यापैकी कमी केलेत. सगळे काढले असते तर मी बोलतोय असं वाटलंच नसतं.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, घरी भांडी घासत असाल, जे चाललंय ते चालू द्या. आज कोडिंगबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आज माझ्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्याबद्दल बोलायचंय.

त्या कोपऱ्यात चाळीसेक माणसं उभी आहेत. प्रत्येकाची उंची साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा थोडी कमी. निळे कोट, पांढऱ्या विजारी, डोक्यावर उंच काळी टोपी, खांद्यावर बंदूक. ही नेपोलियनच्या फौजेतली पायदळाची एक तुकडी आहे आणि ती मी रंगवली आहे. एकेक बटण. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर, “लग्नाचं वय झालं आणि हा बाहुल्या रंगवत बसलाय.”

आई, तू हा भाग ऐकणार आहेस हे मला माहितीये.

सुरुवात कशी झाली? मी सॉफ्टवेअर इंजिनियर. दिवसाचे दहा तास स्क्रीन, मग विरंगुळा म्हणून आणखी दोन तास स्क्रीन. तीन वर्षांपूर्वी एकदा ऑन-कॉल ड्युटीवर होतो. रात्री सर्व्हर झोपला, पहाटेपर्यंत आम्ही त्याला उठवत बसलो. सकाळी सगळं सुरळीत झालं, पण माझे हात थरथरत होते. आणि एक विचार आला, की रात्रभर मी एवढं काम केलं, त्यातलं हातात धरून दाखवता येईल असं काहीच नाही. सगळं कुठल्या तरी लांबच्या मशीनमध्ये. त्या आठवड्यात मी प्लास्टिकच्या सैनिकांचा एक डबा मागवला. इतिहासाचं वेड शाळेपासून होतंच. रंगवता मात्र येत नव्हतं.

या छंदाला नेपोलियनच का लागतो, हे आधी सांगतो. जगात लढाया काय कमी झाल्यात? पण साधारण १८०० ते १८१५ या काळातल्या युरोपीय फौजांचे गणवेश म्हणजे रंगवणाऱ्याची दिवाळी. रणांगणावर धुराचे लोट, वायरलेस नाही, सेनापतीला दुर्बिणीतून ओळखावं लागायचं की समोरची पलटण आपली की त्यांची. म्हणून रंग. आणि रंगांचे नियम. फ्रेंच पायदळाच्या एका बटालियनमध्ये १८०८ नंतर सहा कंपन्या: एक ग्रेनेडियरांची, एक व्होल्टिझ्योर म्हणजे चपळ बंदूकवाल्यांची, आणि चार साध्या फ्युझिलियरांची. ग्रेनेडियरला लाल तुरा आणि लाल खांदेपट्टी. व्होल्टिझ्योरची कॉलर पिवळी. फ्युझिलियरच्या टोपीवर लोकरीचा एक छोटा गोंडा असतो, त्याचा रंग कंपनीप्रमाणे: पहिलीचा गडद हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा केशरी, चौथीचा जांभळा. पितळी बटणांवर रेजिमेंटचा नंबर. नशीब की २८ मिलिमीटरच्या माणसावर तो नंबर रंगवायची अपेक्षा कोणी करत नाही. म्हणजे, काही लोक करतात. या छंदात अशा बटणं मोजणाऱ्यांची वेगळी जमात आहे. मी अजून त्यात गेलेलो नाही. सीमेवर आहे.

आता हा निळा कोट बघा. तो निळा कशाने व्हायचा? निळीने. इंडिगो. ती समुद्रापलीकडून यायची आणि समुद्र होता इंग्रजांच्या आरमाराच्या ताब्यात. नीळ महाग झाली, दुर्मीळ झाली. म्हणून १८०६ मध्ये नेपोलियनच्या सरकारने ठरवलं, की पायदळाला पांढरे कोट देऊ, रंगच नको. काही रेजिमेंटना ते मिळालेही. मग १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाउची लढाई झाली, बर्फात, भयंकर रक्तपाताची. पांढऱ्या कोटावर रक्त कसं दिसतं ते तिथे दिसलं, आणि ते पाहून नेपोलियनने पांढरा रंग रद्द केला असं सांगतात. पांढरा कोट मळतोही लवकर, हे कारण तर होतंच. त्याच वर्षी फौज पुन्हा निळ्यावर आली. पुढे फ्रान्समध्येच निळा रंग देणारी वोड नावाची वनस्पती लावायला सरकारने शेतकऱ्यांच्या मागे लकडा लावला.

हे कळल्यावर माझ्या हातातली निळ्या रंगाची बाटली मला वेगळीच दिसायला लागली. समोरचा इंग्रजांचा लाल कोटही तसाच. साध्या शिपायाचा कोट मॅडर नावाच्या मुळाने रंगवलेला, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली वनस्पती. तो लाल जरा विटकरी. अधिकाऱ्याचा कोट कोचिनियल किड्यापासून काढलेल्या रंगाचा, झगझगीत. म्हणून एकाच इंग्रज तुकडीत मी दोन लाल वापरतो. तीन फुटांवरून कोणालाच फरक दिसत नाही. मला दिसतो.

बरं, आता करायचं कसं. पटकन सांगतो, कारण मला मेसेजमध्ये हेच विचारलं जातं.

पहिलं, सैनिक साच्यातून येतो, त्यामुळे त्याच्या अंगावर जोडाची एक बारीक रेघ असते. ती कटरच्या पात्याने हलक्या हाताने खरवडा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर रंग दिल्यावर ती रेघ दुप्पट उठून दिसते. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर जातो.

दुसरं, प्रायमर. हा पहिला थर, ज्यावर पुढचा रंग धरतो. मी काळा वापरतो. काळ्यावर रंग देताना खोलगट जागी ब्रश पोचला नाही तरी ती सावली वाटते. आळशी माणसाचा मित्र.

तिसरं, मूळ रंग. ॲक्रिलिक घ्या, पाण्याने पातळ होतो. आणि पातळ म्हणजे खरंच पातळ. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर. हे वाक्य या छंदात ‘ॐ’सारखं आहे, सुरुवात त्याच्यापासून.

चौथं, वॉश. म्हणजे शाईसारखा पातळ गडद रंग. तो अंगावर सोडला की घड्यांमध्ये, बटणांभोवती, बोटांच्या मधे जाऊन बसतो. पाच मिनिटांपूर्वी जे प्लास्टिक होतं, त्याचा अचानक माणूस होतो. मी आजवर शेकडो सैनिकांना वॉश दिलाय आणि दर वेळी या क्षणाला मान पुढे जाते.

पाचवं, हायलाइट. जिथे उजेड पडतो तिथे, गुडघा, खांदा, नाकाचा शेंडा, मूळ रंगापेक्षा जरा उजळ छटा. शेवटी पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून वाळू चिकटवा, वाळली की तीही रंगवा.

आपल्याकडच्या हवेबद्दल मात्र कुठलाच इंग्रज यूट्यूबर तुम्हाला सांगणार नाही. मी माझी पहिली तुकडी ऐन जुलैत, पुण्याच्या पावसात, गॅलरीत उभं राहून स्प्रे प्रायमरने रंगवली. हवेत एवढी दमट की सगळ्या सैनिकांवर बारीक रवा पेरल्यासारखं खरखरीत झालं. चाळीस माणसं, सगळी नाचणीच्या पापडासारखी. रडकुंडीला आलो होतो. मग एका अनुभवी माणसाने सांगितलं, डेटॉलमध्ये बुडवून ठेव. खरंच! साधं डेटॉल, रात्रभर. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की रंग निघतो. फक्त लगेच पाण्याखाली धरू नका, त्याचा चिकट डिंक होतो. आधी डेटॉलमध्येच घासून काढा, मग साबण. हातमोजे घाला. आणि घरात हॉस्पिटलचा वास का येतोय याचं उत्तर तयार ठेवा. तेव्हापासून पावसाळ्यात मी प्रायमर ब्रशनेच लावतो. आणि एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, पॅलेटवरचा रंग दोन मिनिटांत वाळतो. त्यावर उपाय म्हणजे मिठाईचा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा कागद. कागदावर रंग. डबा बंद केला तर दुसऱ्या दिवशीही ओला.

आता एक गोष्ट सांगतो, या छंदातल्या आपल्या खापरपणजोबांची. विल्यम सायबोर्न, इंग्रज लष्करातला लेफ्टनंट. १८३० मध्ये त्याला काम मिळालं, वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल बनव. लढाई झाली होती १८ जून १८१५ ला. हा पठ्ठ्या बेल्जियममध्ये जाऊन रणांगणावरच्याच ला-ए-सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला, जमिनीचा इंच न इंच मोजला. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: संध्याकाळी सात वाजता तुमची पलटण नेमकी कुठे होती? समोर कोण होतं? शेतात कुठलं पीक उभं होतं? विचार करा, वीस वर्षं झालेली, आणि हा पीक विचारतोय. याला म्हणतात बग रिपोर्ट.

मधेच १८३३ मध्ये सरकारने पैसे थांबवले. त्याने स्वतःच्या खिशातून, कर्ज काढून काम चालू ठेवलं. १८३८ मध्ये लंडनमध्ये मॉडेल लोकांसमोर आलं. सुमारे ७५ हजार धातूचे सैनिक, प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर. लोकांनी गर्दी केली. पण एक भानगड झाली. जमवलेल्या पुराव्यावरून सायबोर्नने निर्णायक क्षणी प्रशियाची फौज रणांगणावर खूप आतपर्यंत आलेली दाखवली होती. म्हणजे, विजय एकट्या इंग्रजांचा नाही. हे वेलिंग्टनला, म्हणजे त्या लढाईच्या इंग्रज हिरोलाच, पसंत नव्हतं. शेवटी सायबोर्नने मान तुकवली आणि हजारो प्रशियन सैनिक मॉडेलवरून काढून टाकले. कर्ज काही फिटलं नाही. १८४९ मध्ये तो वारला. मॉडेल आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, अरे, सेंटिमीटरभराच्या शिशाच्या बाहुल्यांची एवढी भीती? देशाच्या सगळ्यात मोठ्या माणसाला? म्हणजे टेबलावर कोण उभं आहे आणि कोण नाही, याला काहीतरी अर्थ असणार.

हे वाक्य लक्षात ठेवा. आता आजोबांकडे येतो.

माझे आजोबा, वडिलांचे वडील, भोकरदन तालुक्यातले. जालना जिल्हा. वय ऐंशीच्या पुढे. मागच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पुण्याला आले. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, आणि नव्या नजरेने ते सगळं घर बघत हिंडायला लागले. माझ्या टेबलापाशी थांबले. तेव्हा मी इंग्रजांची तुकडी रंगवत होतो. त्यांनी एक लाल कोटवाला उचलला, दिव्याखाली धरला.

“ह्यो कोनाकडला हाये?”

म्हटलं, आबा, हा इंग्रज. हे वेलिंग्टनचे सैनिक. याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. हा आधी आपल्याकडे होता, तेव्हा नाव वेलस्ली...

“वेलस्ली?” आबा म्हणाले. “असईचा?”

मी गप्प.

मंडळी, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातलं असई गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उभी होती. समोर चौतीस वर्षांचा मेजर-जनरल आर्थर वेलस्ली. नेपोलियन आणि हा एकाच वर्षी जन्मलेले, १७६९. शिंद्यांच्या फौजेत युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणी होत्या. त्यांचा पाया महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयन नावाच्या सव्हॉयच्या माणसाने घातला होता. त्यांच्या ब्रिगेडला म्हणायचे कंपू. हो, तोच शब्द! आपण ‘त्यांचा कंपू आला’ म्हणतो ना, ऑफिसच्या कँटीनमध्ये, तो इथला. ‘पलटण’ही तसाच परक्या भाषेतून फौजेत आणि फौजेतून आपल्या तोंडी आलेला. हा द बॉयन म्हातारपणी आपल्या गावी, शाँबेरीला परतला. तिथे त्याचं स्मारक आहे, चार हत्तींचं कारंजं. फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या गावात भर चौकात हत्ती!

असईला वेलस्ली जिंकला, पण त्याची मोठी किंमत मोजून. त्याच्या बाजूची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. एकट्या ७४ व्या हायलँड रेजिमेंटची सुमारे चारशे. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडलेले काही उठले आणि तोफा वळवून त्यांनी मागून मारा सुरू केला. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. आणि म्हातारपणी वेलिंग्टनला कोणी विचारलं, की लढाईतलं तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर त्याने वॉटर्लू नाही, असई म्हटलं असं सांगतात.

हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं. पण आमचं गाव तिथून काही किलोमीटरवर, आणि तीन वर्षांत माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या.

आबांनी सैनिक जागेवर ठेवला. सगळ्या रांगा नीट बघितल्या. निळे, लाल, हिरवे. आणि अगदी सहज विचारलं, “अन् आपला गडी कुठंय यात?”

रागाने नाही हो. लग्नाच्या फोटोत काका कुठे दिसेना म्हणून विचारावं तसं.

मी म्हटलं, करतो आबा.

म्हटलं खरं. मग एक तोफ आणि तिच्यामागे तीन गोलंदाज असा छोटा सेट मागवला, धातूचा. आला, धुतला, प्रायमर लावला. पगडी रंगवली, तोफेचा गाडा रंगवला. चेहऱ्यापाशी आलो आणि अडकलो. माझ्याकडे कातडीच्या रंगाच्या तीन बाटल्या होत्या. एकीवर नुसतं ‘फ्लेश’ लिहिलेलं. उघडली, आत गुलाबी. दुसरी, फिकट गुलाबी. तिसरी, हायलाइटसाठी, आणखी फिकट. तीन वर्षांत मी शेकडो चेहरे रंगवले होते. ब्रेटनचे, बव्हेरियाचे, स्कॉटलंडचे. थंडीने लाल झालेली नाकं मला जमतात. पण माझ्या स्वतःच्या, माझ्या बापाच्या, आजोबांच्या कातडीचा रंग मी एकदाही मिसळला नव्हता. तो कसा होतो हेच मला माहीत नव्हतं.

त्या रात्री बसलो. तपकिरी घेतला, मेला. माणूस लाकडाचा दिसायला लागला. त्यात पिवळसर ऑकर घातला, आजारी दिसायला लागला. मग थोडा विटकरी लाल. आपल्या कातडीखाली लाल असतो, हे मला दिवा मनगटावर धरून बघितल्यावर कळलं. सावलीसाठी काळा नाही घालायचा, गडद जांभळट तपकिरी घालायचा. हायलाइटला पांढरा नाही, ऑकर. पांढऱ्याने राख फासल्यासारखं होतं. दीड-दोन तास मी मनगटाजवळ ब्रश धरून जुळवत होतो. हे जर कोणाला उपयोगी पडलं तर लिहून घ्या: चार भाग तपकिरी, दोन भाग ऑकर, एक भाग विटकरी. पुढे तुमच्या घरच्या माणसांकडे बघून बदला.

सकाळी आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, “लई गोरा केलास. उन्हातला गडी हाये.”

परत बसलो.

दुसऱ्यांदा पास झालो. मग आबा म्हणाले, यातला एक मी करू का? हात कापतो त्यांचा. मी ब्रश दिला, पातळ रंगाचं लेक्चर दिलं, त्यांनी ऐकलं नाही. एका थरात, जाड, सगळीकडे. डोळा एकच झाला, दुसऱ्याच्या जागी ठिपका गालावर उतरला. पगडी मात्र अशी लाल केलीये की खोलीच्या दारातून दिसते.

डिसेंबरमध्ये त्यांना गावी सोडायला गेलो तेव्हा आम्ही असईला गेलो होतो. नदीला थोडंसं पाणी, दोन्हीकडे शेतं, कापूस वेचणाऱ्या बायका. बघण्यासारखं म्हणाल तर फार काही नाही. मी सवयीने फोन काढला आणि जमिनीचे फोटो घेतले, मातीचे, गवताचे, दगडांचे. आबा म्हणाले, “ढेकळं कशाला काढतो फोटूत?” म्हटलं, चकतीवरची माती रंगवायला. तीन वर्षं मी सगळ्यांच्या पायाखाली बेल्जियमचं हिरवंगार गवत चिकटवत होतो. ही माती काळी आहे, वाळली की राखाडी, भेगांची.

त्या तोफेखाली आता ती माती आहे. रंगवलेलीच, खरी नाही.

शेवटी, ज्यांना सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी. मोठा डबा मागवू नका. एक सैनिक, एक बरा ब्रश, पाच रंग: काळा, पांढरा, लाल, निळा, तपकिरी. जमत नाही म्हणाल तर एक माहिती देतो. माझे बरेच सैनिक ज्यांनी घडवलेत ते इंग्लंडचे पेरी बंधू, ॲलन आणि मायकेल, जुळे. मायकेल पेरीचा उजवा हात १९९६ मध्ये जुन्या लढाईच्या एका प्रयोगात तोफेच्या अपघातात गेला. त्याने डाव्या हाताने पुन्हा शिल्पं घडवायला शिकून घेतलं. तेव्हा ‘माझा हात स्थिर नाही’ हे कारण या छंदात चालत नाही. आमच्या आबांनीही ते दिलं नाही.

त्यांचा एकडोळ्या गोलंदाज तोफेच्या सगळ्यात पुढे उभा आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला कॅमेरा तिकडे वळवायला लावला. बघितला, आणि म्हणाले, “बरोबर हाये. पण गोळा कुठंय त्याचा?”

गोळा राहिला होता. आज रात्री करतोय. मोहरीचा दाणा, काळा रंग. बास.

तुम्ही काय रंगवताय, विणताय, कोरताय ते कमेंटमध्ये कळवा, फोटो पाठवा, बिघडलेले आधी पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि रंग पातळ ठेवा!